संध्या खैरनारने दाबलेला होकार

संध्या खैरनारला एका जागी बसवत नसे. सटाण्याहून बारावीनंतर ती नाशिकला शिकायला आली, कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर दोन वर्षं सांभाळले आणि २००५ साली द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेत लागली. निफाड-दिंडोरीकडच्या बागांत संस्थेची अकरा हवामान यंत्रं होती. त्यांच्या नोंदी ऑफिसातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर येत, पानं किती तास ओली राहिली याचं गणित होई, आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका असेल तर सकाळी सहाला चारशे बागायतदारांच्या मोबाइलवर मेसेज जाई: आज फवारणी करा.

लिनक्सची नवी आवृत्ती आल्याचं कळलं की ती मशीनवर चढवेपर्यंत संध्याला चैन पडत नसे. २००७च्या नोव्हेंबरात तसंच झालं.

"सीझन संपू द्या, ताई," संस्थेचे सचिव खंडेराव मोगल म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणत. "बागा फुलोऱ्यात आहेत. आत्ता त्या मशीनला हात नको."

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, नाना."

नाना 'नको'च म्हणून गेले. रविवारी दुपारी तिने ऑफिस उघडलं.

लिनक्सचे प्रोग्राम इंटरनेटवरच्या भांडारांतून येतात. संध्याच्या मशीनला दोन भांडारं जोडलेली होती. एक मुख्य, तिथलं सगळं एकमेकांशी जुळवून पारखलेलं. दुसरं बाहेरचं, हौशी लोकांनी चालवलेलं. मेसेज पाठवायचा प्रोग्राम तेवढा तिथेच मिळे. पण तिथे बाकीही शेकडो गोष्टी होत्या. एकच गोष्ट दोन्हीकडे असली तर कुणाची घ्यायची, हे ठरवायला प्रत्येक भांडाराला प्राधान्याचा आकडा द्यावा लागे. संध्याने मुख्य भांडाराला नव्वद दिला, बाहेरच्याला दहा. कॉलेजातल्या लिनक्समध्ये मोठ्या आकड्याला मोठा मान होता, हाताला तीच सवय. इथे उलटं होतं. लहान आकडा आधी.

मग पडद्यावर दीडशे नावांची यादी आली. कुठली गोष्ट कुठल्या भांडारातून येणार, ते प्रत्येक नावापुढे लिहिलेलं. खाली प्रश्न: पुढे जाऊ? वाचायला दहा मिनिटं लागली असती. संध्याने होकार दाबला.

सोमवारी सव्वासहाला नानांचा फोन आला. "ताई, मेसेज कुठे आहे? माझ्या बागेत पानं निथळतायत."

ती तशीच स्कूटीवर निघाली. डेटाबेसची एक फाइल बाहेरच्या भांडारातून आली होती आणि गणिताचा प्रोग्राम सुरू होताच कोसळत होता. प्राधान्याचे आकडे पाहिले तेव्हा तिला सगळं कळलं. तरी आधी तिने मशीन तसंच सोडलं. यंत्रांच्या कच्च्या नोंदी येतच होत्या. कागद-पेन्सिल घेऊन तिने अकराही ठिकाणचं गणित हाताने केलं. नऊ ठिकाणी धोका होता. मग ती आणि नाना फोनवर बसले. सकाळी अकरापर्यंत निम्म्या लोकांना निरोप पोचला. बाराला पावसाची भुरभुर सुरू झाली आणि फवारणीचा दिवस हातचा गेला.

दुपारी तिने बाहेरच्या भांडारातून आलेलं सगळं काढलं, मुख्य भांडाराला एक हा आकडा दिला, दुसऱ्याला पन्नास. मंगळवारी सहाला मेसेज गेला.

आठ दिवसांनी उगावच्या धोंडाबाई ढोमसे यांच्या बागेत डाऊनी दिसली. जायची गरज नाही, असं नाना म्हणाले. संध्या गेली. धोंडाबाईंनी तिला तपकिरी पडलेले घड दाखवले.

"वेलांच्या दोन वळी गेल्या. मेसेज नाय आला, म्हन्लं धोका नसंल. गप बसले."

"चूक माझी होती, मावशी."

"मशीनची ना?"

"नाही, माझी. मी घाई केली."

धोंडाबाईंनी हातातला घड खाली टाकला. "मंग मशीन बंद हाय म्हनून सांगायचं व्हतं. मी माझ्या डोळ्यानं पानं बघितली असती."

परतताना बसमध्ये जागा रिकामी होती, तरी संध्या नाशिकपर्यंत उभीच राहिली.

त्या आठवड्यापासून मेसेज रोज जाऊ लागला. धोका नसेल तर 'धोका नाही', आणि मशीन बंद असेल तर 'मशीन बंद आहे, बाग स्वतः बघा', हा मात्र ती आपल्या मोबाइलवरून पाठवी. छाटणी ते काढणी या काळात मशीनला हात लावायचा नाही, असं तिने स्वतःच लिहून भिंतीला लावलं.

पुढच्या जूनमध्ये तिने पुन्हा नवी आवृत्ती घ्यायचं ठरवलं. नाना शेजारी येऊन बसले. ती यादीवर पट्टी धरून एकेक नाव मोठ्याने वाचत होती. एकशे बाराव्या नावापुढे बाहेरचं भांडार दिसलं. मेसेजच्या प्रोग्रामशी त्याचा काही संबंध नव्हता. तिने नकार दाबला, उठली, गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या आणि आत येऊन ते नाव वगळलं आणि नवी यादी पहिल्या नावापासून वाचायला लागली.