राणीचा पाळणा

चिंचेनं पितळ घासलं की हाताला आंबट वास राहतो आणि मला राजवाड्यातली ती दुपार आठवते. त्या वर्षी आमच्या भागातल्या जुन्या संस्थानाच्या राजवाड्यात वर्षभर प्रदर्शनं चालली होती. आधी शस्त्रं, मग दरबारी पोशाख, आणि पावसाळा सरल्यावर राण्यांचा महाल. कंग्राळी गावाहून आई, वहिनी आणि मी गेलो होतो. वहिनीचं दुसरं बाळही पोटातच गेलं होतं. तिला तेवढाच बदल. महालात मधोमध घासून लखलखीत केलेला पितळी पाळणा टांगला होता. "या राणीचं एकही मूल जगलं नाही, म्हणून राजांनी दुसरं लग्न केलं," गाइडनं मराठीत सांगितलं, मग तेच कन्नडमध्ये. वहिनीला दोन्ही भाषा येत होत्या. घुंगरं ऐकवायला त्यानं पाळण्याला झोका दिला. रिकामा पाळणा आमच्याकडं कुणी हलवत नाही. बाळ येईपर्यंत त्यात वरवंटा निजवतात. वहिनीनं पुढं होऊन पाळणा दोन्ही हातांनी धरला. "रिकामा हलवू नये, अण्णा," ती हळूच म्हणाली. गाइड ओशाळला. आईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं गाइडलाच विचारलं, "दुसरीला झालं काय वो पोर?" "व्हय, मुलगा झाला." दिवाळीला वहिनी माहेरी गेली आणि तिला आणायला कुणी गेलंच नाही. आज दादाच्या दुसरीच्या मुलाचं बारसं आहे. पाळण्याच्या पितळी कड्या मी सकाळीच घासल्या, आणि आत वरवंटा निजवून ठेवलाय.