बारेंटची तिसरी तार

सारेलच्या कुंपणाच्या तिसऱ्या तारेला मध्येच झोल पडलेला बारेंटला दिसला. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर चाळीस वर्षं त्याने कुंपणं ताणली होती, आणि त्याच्या तारेला झोल आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्याने चारशे मीटर तार सोडली, पुन्हा ताणली. दुपारी ती पुन्हा वाकडीच. मग त्याने इतका जोर लावला की कोपऱ्याचा खांबच उपटून आला.

मेंढ्यांचा मालक सारेल गाडीतून उतरला. वयाने तो बारेंटहून बराच लहान.

"काका, हे काय? काल तर काम झालं होतं."

"झोल होता."

"कुठला झोल? संध्याकाळी मी बघितलं. सुतासारखं सरळ."

"तू मेंढ्या बघ. तार मला कळते."

सारेलने कुंपणाच्या पलीकडच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "मग ती सांगा. ती सरळ आहे का?"

तो पट्टाही बारेंटनेच ताणलेला, दहा वर्षांपूर्वी. तोही आज वाकलेला दिसला. बारेंटने डावा डोळा झाकला, तारा सरळ. उजवा झाकला, तिसरी तार सापासारखी वळली. त्याने हत्यारं गाडीत टाकली.

ब्लूमफाँटेन शहरात डोळ्यांच्या डॉक्टर मोलेफेबाईंनी आधी डोळे तपासले, मग कॉलर खाली ओढून मान पाहिली. मानेची कातडी पिसं काढलेल्या कोंबडीसारखी होती. ती उन्हाने झाली, असं घरात सगळेच समजत.

"उन्हाने नाही," बाई म्हणाल्या. "आईबाप दोघांकडून आलेला दोष आहे. शरीरातल्या लवचिक धाग्यांवर चुन्यासारखे क्षार साचतात. मानेत, रक्तवाहिन्यांत, डोळ्याच्या पडद्यामागे. डच वंशाच्या तुम्हा आफ्रिकानर लोकांत हा जास्त सापडतो."

डाव्या डोळ्यात रक्त झिरपलं होतं. त्याला इंजेक्शनं देणार होते. उजव्यामागेही भेगा होत्या, पण अजून कोरड्या.

"उजवा टिकवायला मी काय करू?"

"धूम्रपान बंद. डोक्याला मार नको. जड उचलायचं नाही."

"आणि खाण्यात?"

"उंदरांना मॅग्नेशियम जास्त दिलं, तेव्हा क्षार कमी साचले. माणसांचं ठाम सांगता येत नाही. लहानपणी दूधदुभतं खूप खाल्लेल्यांना त्रास जास्त होतो, असंही काहींना वाटलं होतं. तेही पक्कं नाही. पालेभाज्या, शेंगा, बिया खा. दूध बेताने घ्या, अजिबात तोडू नका, हाडांनाही लागतं."

घरी त्याची विधवा बहीण अलेट्टा होती, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. मान तशीच, पण तिचे डोळे तपासले तेव्हा जवळजवळ साफ निघाले. दुधाचं ऐकून तिने चमचा खाली ठेवला. लहानपणी तिला दूध सोसत नसे. रविवारी रात्री दालचिनी घातलेली दुधातली शेवयांची पेज असायची, आणि वाडगा रिकामा झाल्याशिवाय बाप उठू देत नसे. बापाची मान वळली की बारेंट वाडगे बदलायचा. बारा वर्षं त्याने दोन वाटे खाल्ले.

"माझ्या वाट्याने तुझा डोळा नेला," ती म्हणाली.

"पेज चांगली असायची, ताई."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. पक्कं नाही असं बाई म्हणाल्या ना? मग रडायचंही पक्कं नाही."

पण अर्धवट काम त्याला ठाऊकच नव्हतं. औषधांच्या पत्र्याच्या डब्यात जुलाबाचं मीठ होतं आणि त्यावर मॅग्नेशियम लिहिलेलं. डॉक्टरांना न विचारता त्याने रोज तीन चमचे घेतले. सारेलचं कुंपण परत ताणायला गेला, तर दोन दिवस तारेपाशी कमी आणि झुडपामागे जास्त होता.

"उंदरांनाही इतपत अक्कल असते," अलेट्टाने सुनावलं. "तार जास्त ताणली की काय होतं?"

"खांब उपटतो."

"मग?"

डबा फडताळात गेला. बारेंट रोज पालक खाऊ लागला, वाटाणे खाऊ लागला. भोपळ्याच्या बिया आजवर कोंबड्यांपुढे पडत, त्या आता भाजून त्याच्या खिशात जात.

"मान कोंबडीची होतीच, आता खाणंही कोंबडीचं," अलेट्टा म्हणाली. पण बिया तीच भाजे, आणि स्वतःही खाई.

कोपऱ्याचा नवा खांब सारेलच्या गड्यांनी रोवला. उचलू न देणं बारेंटला झोंबलं, पण तो बाजूला उभा राहिला. ताण मात्र त्याने स्वतः दिला, उजव्या डोळ्याने बघत. रेघा वाकड्या दिसतात का ते रोज बघायला डॉक्टरांनी घरी लावायचा चौकड्यांचा कागद दिला होता. त्याने तो नीट घडी करून ठेवला आणि रोज सकाळी फाटकाशी उभं राहून एकेक डोळा झाकत आपल्याच कुंपणाच्या पाच तारा पाहू लागला. डाव्याला तिसरी वाकडी ती वाकडीच राहिली.

वर्षाने मोलेफेबाईंनी पुन्हा तपासलं. उजवा डोळा कोरडा होता.

"खाण्यामुळे?" अलेट्टाने विचारलं.

"सांगता येणार नाही. नशीबही असेल."

परतताना गाडीत ती म्हणाली, "मग वर्षभर हा खटाटोप कशाला केलास?"

"खड्डा खणताना खाली माती आहे की खडक, आधी कळत नाही. खणावंच लागतं."

त्या रविवारी तिने शेवयांची पेज केली. दोन लहान वाडगे भरले. बारेंटचा हात सवयीने तिच्या वाडग्याकडे गेला.

तिने चमच्याने बोटांवर मारलं. "तुझं बघ."

नाक मुरडत, मध्ये दोनदा पाणी पीत, तिने आपला वाडगा तळापर्यंत संपवला.