नको असलेले पाहुणे

दादरच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात त्या बाई मला एकदाच भेटल्या. साठीच्या, ठाकूरद्वारला राहणाऱ्या. क्रूझसाठी घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज सवय व्हावी म्हणून त्या साडीवरच घालून आल्या होत्या. आमच्या क्रूझमधलं सगळ्यात सुंदर बंदर रद्द झालं होतं आणि आम्ही दोघंही भांडायलाच आलो होतो.

"का रद्द?" त्यांनी काउंटरवर बोट आपटलं.

"मॅडम, गाव छोटं आहे. जहाजांच्या गर्दीला तिथले लोक कंटाळलेत. येऊ नका म्हणतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

बाईंचं बोट हवेतच थांबलं. त्या माझ्याकडे वळल्या.

"आमच्या वाडीतही हल्ली जुनी घरं बघायला पर्यटकांची टोळकी येतात हो. परवा मी गॅलरीत केस विंचरत होते, तर खालून सगळ्यांचे मोबाइल माझ्यावर! वर म्हणतात, 'आंटी, थोडा स्माइल!' बरोबर आहे त्या गाववाल्यांचं."

माझंही भांडण तिथेच संपलं.

मुलीनं घाईघाईनं दुसऱ्या बंदराचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावून तो निरखला.

"छान आहे. पण आधी फोन लावून विचार, आम्ही आलेलं चालेल का."

"कोणाला लावू, मॅडम?"

बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "हिला. ही कपडे वाळत घालतेय ना, तिला."