ऐकू जाणारं हसू

लंडनच्या एका बसथांब्यावर एक गृहस्थ फोनवर बोलत होते. साधाच फोन, चेहरा दिसणारा नव्हे, तरी तोंडभर हसत होते. फोन ठेवला आणि प्रयोग संपल्यावर मिशी उतरावी तसं हसू उतरलं.

मला ते एकदम भाऊबंद वाटले. आवाजावर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींचा पहिला धडाच हा: माइकसमोर हसून बोला, हसू ऐकू जातं. या देशात मी रंगमंचावर द्वारपाल झालो, आवाजाने लोणच्यापासून लिफ्टपर्यंत काय काय झालो, सगळं हसत. एका मालिकेत प्रेत होतो, तिथेही हसू फुटलं, तेव्हा दिग्दर्शकाने मला पालथं झोपवलं.

कुणी बघत नसताना माणूस चेहऱ्याला किती राबवतो!

परवा माझं नाटकातलं काम गेलं. साताऱ्यात आईला कळू नये म्हणून फोनवर मी तोच मधाळ आवाज लावला.

"छान चाललंय गं आई. थंडीसुद्धा छान आहे."

ती लगेच म्हणाली, "काय झालंय?"

"कुठे काय?"

"बरा असलास की कुरकुरतोस तू. आज जाहिरातीसारखा बोलतोयस. ते दात मीट आणि सांग."

सांगितलं. मग इथली हवा, घरमालक, बेचव वांगी, सगळ्यांच्या नावाने पोटभर कुरकुरलो. पलीकडे आईचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट ऐकू आला.