पहिल्या वळणाआधीची फट

आमच्या इचिकावात सोमवारी जळणारा कचरा उचलतात. रविवारी दिवसभर रेसच्या सर्किटवर उभं राहून घरी यायचं, सोमवारी सकाळी आठच्या आत कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवायची आणि तोयोसुच्या ट्रेनमध्ये उभ्याउभ्या डोळे मिटायचे, असा माझा गेल्या सात वर्षांचा शिरस्ता. पुण्यातल्या नातेवाइकांना वाटतं, ही जपानात रेसिंगच्या गाड्यांवर काम करते, काय ऐश आहे! डोंबलाची ऐश. मला गाड्यांचा आवाज सहन होत नाही. कानात बोळे घालून मी लॅपटॉपवर रेघा बघत बसते, आणि संध्याकाळी पाय इतके सुजलेले असतात की बूट निघत नाहीत.

माझी कंपनी तोयोसुतली, साधी सॉफ्टवेअरची. एका रेसिंग टीमचं डेटाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा ऑफिसात वीकएंडला जायला कुणी तयार होईना. मी ह्या कंपनीत नवीन होते, नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. सर्किटवर माझं नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून सगळे मला डेटा-सान, म्हणजे डेटाबाई म्हणतात. पाच-सहा तासांची रेस, एक गाडी आणि ती आळीपाळीनं चालवणारे तीन ड्रायव्हर. गाडीतून येणाऱ्या आकड्यांच्या रेघा काढून कांतोकुंना, म्हणजे टीमच्या मुख्य साहेबांना द्यायच्या, ड्रायव्हरांना दाखवायच्या, हे माझं काम.

तीन ड्रायव्हरांतला सगळ्यात मोठा होता फ्रेंच. पन्नाशीला टेकलेला. तो मुळात मोटरसायकलवाला. पंधरा वर्षं त्यानं युरोपभर मोटरसायकलच्या रेस केल्या, एकदाही चॅम्पियन झाला नाही, आणि हे तो स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायचा, म्हणजे समोरच्याला विचारायचा त्रास नको. दोन्ही खांद्यांची हाडं इतक्या वेळा मोडली होती की जाकीट घालताना त्याला भिंतीचा आधार लागायचा. मग एका रेसमध्ये डावा घोटा चिरडला. डॉक्टरांनी तो खिळे घालून पक्का केला, पण तो वळेना. मोटरसायकलचे गिअर डाव्या पायानं बदलतात. संपलंच की सगळं. दोन वर्षं तो घरी बसून होता, मग कुणीतरी त्याला कारमध्ये बसवलं, कारण रेसिंग कारचे गिअर हातानं बदलता येतात. एका सीझनपुरता म्हणून जपानला आला आणि राहून गेला. बायको कधीच वेगळी झाली होती. सर्किटजवळच्या गावात एक खोली, एक फ्रिज आणि भिंतीवर रेसचं कॅलेंडर, एवढाच त्याचा संसार.

मी पुण्याची म्हटल्यावर त्याला फार कौतुक. "तुमच्याकडे म्हणे सगळेच दुचाकी चालवतात?" मी म्हटलं, "सगळेच. मी साडी नेसून, मागे आईला आणि पुढे गॅसचा सिलिंडर घेऊन चालवलीय." तो इतका हसला की त्याला खांदा धरावा लागला. तेव्हापासून सर्किटवर माझ्या आधी चहा प्यायचा नाही, असा त्याचा नियम. "आधी डेटा-सान. तिनं सिलिंडर वाहिलाय." दमलेल्या माणसाला कुणी आधी चहा दिला तर काय वाटतं, ते दमलेल्यालाच कळतं.

आता त्या फटीबद्दल. हल्लीचे ड्रायव्हर उजव्या पायानं वेग देतात आणि डाव्या पायानं ब्रेक मारतात. त्यामुळे माझ्या ग्राफवर वेगाची रेघ खाली यायच्या आतच ब्रेकची रेघ वर चढते. ह्याचा डावा पाय निकामी, त्यामुळे दोन्ही कामं उजवा पाय करणार. एका पेडलवरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा. तेवढा वेळ पाय हवेत. ग्राफवर दोन रेघांच्या मध्ये एक बारीकशी फट दिसायची. नाव झाकून कुणी शंभर ग्राफ समोर टाकले असते, तरी ह्याचा मी त्या फटीवरून ओळखला असता.

वसंतात सीझन सुरू झाला तेव्हा तो एकदा चहा घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मला अजून एक वर्ष हवंय. पुढचं एकच. मग मी जाईन." मी म्हटलं, "मग चालवा की नीट." तो हसला नाही.

जूनमध्ये ती फट वाढली. सगळीकडे नाही. लांबलचक सरळ रस्ता संपून पहिलं वळण येतं, फक्त तिथे. पाय लवकर उचलला जात होता, पण ब्रेक जुन्याच जागी पडत होता. मधला वेळ पाय नुसता हवेत, वाट बघत. पहिल्यांदा मला वाटलं, सेन्सर बिघडलाय. सेन्सर बदलला. फट तशीच. मग मला कळलं की हा माणूस घाबरतोय. भित्रा नव्हता हो तो. दमला होता. इतकी वर्षं पडून, मोडून, परत चढून पाय थकला होता, आणि तो थकवा मला माझ्याच अंगातल्यासारखा ओळखू आला.

जपानी ऑफिसात पहिल्या दिवसापासून शिकवतात, वाईट बातमी सगळ्यात आधी वर कळवायची. लहान असली तरी, खात्री नसली तरी. मी बारा वर्षं हे ऐकत आलेय, नवीन आलेल्या भारतीय पोरांना वर तोंड करून शिकवतेही. आणि मी काय केलं? ग्राफ काढताना बारीक थरथर जावी म्हणून रेघा थोड्या गुळगुळीत करतात, सगळेच करतात. मी तो आकडा वाढवला. रेघांच्या कडा पसरल्या आणि फट बुजली. ग्राफ कसा छान, स्वच्छ दिसायला लागला. कांतोकुंनी विचारलं, पहिल्या वळणाआधी वेळ का जातोय? मी म्हटलं, समोरून वारा होता. खोटं बोलताना माझी जीभ एवढीशीसुद्धा अडखळली नाही, ह्याचंच मला नंतर नवल वाटत राहिलं.

फ्रेंच ड्रायव्हरनं मला हे करायला सांगितलं नव्हतं. हे लिहून ठेवते, नाहीतर कुणाला वाटायचं. मीच आपली दयेची मूर्ती. आपल्या माणसाचं वाईट दिसू नये म्हणून झाकपाक करायची, ही सवय मी पुण्याहून सामानात घेऊन आले होते, आणि बारा वर्षांत ती तेवढी बदलली नाही.

प्रत्येक रेसनंतर आमच्याकडे हानसेइकाई होते. गॅरेजमध्ये सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं आज आपलं काय चुकलं ते एका वाक्यात सांगायचं. मग सगळे एकदम वाकतात आणि आवराआवर सुरू होते. ऐकायला थोर वाटतं. खरं म्हणजे प्रत्येकाची एक ठरलेली, बिनकाट्याची चूक असते. टायरवाला म्हणतो, एक टायर पुसायला विसरलो. माझी होती, "ग्राफ द्यायला पाच मिनिटं उशीर झाला." सात वर्षं तीच. माझ्या मुलीच्या शाळेतही दिवसाच्या शेवटी असंच काहीतरी असतं. ती म्हणते, मी रोज सांगते, रुमाल विसरले. मी विचारलं, अगं, खरं का नाही सांगत? त्यावर जपानीत उत्तर आलं, मेंदोकुसाइ, म्हणजे कोण कटकट करत बसणार. मी तिला चांगली दटावली होती. कुठल्या तोंडानं, देव जाणे.

सप्टेंबरच्या शेवटी कांतोकुंनी तिन्ही ड्रायव्हरांचा सबंध सीझनचा रिपोर्ट मागवला. त्यावरून पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते ठरणार होतं. मी गुळगुळीत ग्राफ पाठवले. त्याला एक वर्ष मिळणार, मी मिळवून दिलं, अशा समाधानात त्या रात्री गाढ झोपले.

ऑक्टोबरच्या रेसमध्ये सुरुवात त्याची होती. तिसऱ्याच फेरीत, सरळ रस्त्याच्या टोकाला, त्यानं पाय उचलला. मागून दुसऱ्या टीमचा एक तरुण पोरगा येत होता. समोरची गाडी एवढ्या लवकर मंदावेल हे त्याच्या ध्यानीमनी नाही. धडक चुकवायला त्यानं गाडी गवतात घातली. गाडी दोनदा गरागरा फिरली आणि भिंतीच्या अलीकडे थांबली. भिंत आणि गाडी ह्यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपू शकला असता, एवढंच अंतर. मी स्क्रीनसमोर तोंडावर हात ठेवून बसले होते. पोरगा गाडीतून उतरून चालत आला तेव्हा मला रडू फुटलं, आणि बाजूच्या मेकॅनिकला वाटलं, बायकांना असं बघवत नाही.

रेस संपली. गोल झाला. एरवी सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलतो, पण त्या दिवशी फ्रेंच ड्रायव्हरनं हात वर करून पहिली पाळी मागितली. त्याचं जपानी मोडकंतोडकंच. म्हणाला, "पहिल्या वळणाला मी पाय लवकर उचलतो. जूनपासून. मला भीती वाटते. आज एक मुलगा मेला असता. मी सांगायला हवं होतं, पण मला एक वर्ष हवं होतं. आता नको." आणि वाकला. खांद्यांमुळे त्याला नीट वाकताही येत नव्हतं.

बाकीच्यांनी आपापल्या ठरलेल्या चुका पुटपुटल्या, टायर पुसायचा राहिला, अमकं झालं, तमकं झालं. डेटाची पाळी शेवटी. आणि इतकं सगळं ऐकल्यावरही माझ्या तोंडून सवयीनं तेच वाक्य गेलं, "ग्राफ द्यायला उशीर झाला."

ह्यावर एरवी सगळे वाकतात. त्या दिवशी कांतोकु वाकले नाहीत. सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात.

"किती उशीर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. गाडीतले कच्चे आकडे प्रत्येक वेळी त्यांच्याकडेही जातात. त्यांना केव्हाचंच माहीत होतं. वारा नव्हता हेही माहीत होतं. आम्हा दोघांपैकी कुणीतरी येऊन सांगेल म्हणून ते थांबले होते. आणि फ्रेंच ड्रायव्हर खाली जमिनीकडे बघत होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. स्वतःची फट नसलेला ग्राफ त्याला कळला नसेल होय? मला वाचवायचं म्हणून तो आपल्या भाषणात ग्राफबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. आम्हा तिघांपैकी कुणीही वेळेवर तोंड उघडलं असतं, तर तो पोरगा गवतात गेला नसता.

"चार महिने," मी म्हणाले.

कांतोकुंनी मान हलवली. मग सगळे वाकले, मीही वाकले, आणि टायरवाल्यानं केबल गुंडाळायला घेतली. फ्रेंच ड्रायव्हरनं दोन कप चहा आणला, एक माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि मी पहिला घोट घेईपर्यंत स्वतःचा कप हातात धरून उभा राहिला.