दुधाच्या खोक्यांचं आरमार
दुधाचं रिकामं खोकं धुऊन कात्रीने उभं चिरलं की आंबूस वास येतो, आणि माझं डोकं तापतं. आम्ही जपानला, हिगाशी-कसाईत नवे होतो तेव्हा अकरा वर्षांच्या लेकीला वर्गात नेपोलियनवर बोलायचं होतं. इंग्लंडवर चालून जायला त्याने बांधलेल्या छोट्या होड्या तिने खोकी साठवून, कापून केल्या, वीसेक तरी, कागदी शिडांच्या, आणि डिंक वाळायला बाल्कनीत मांडल्या. सकाळी पाहते तर नवऱ्याने सगळ्या चिरून, सपाट करून गठ्ठा बांधलेला. "आज खोकी कचरागाडीला द्यायचा वार आहे, शेजारी परत तक्रार करतील," तो टाय बांधत म्हणाला. शिडं त्याने एकेक सोडवून जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत घातली होती. "म्हणजे शिडं दिसली होती तुला," मी ओरडले. लेक गठ्ठ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "दाइजोबु, काही नाही होत. खऱ्या होड्याही कधी निघाल्याच नव्हत्या, बाबा." तो सुटल्यासारखा हसला आणि गठ्ठा घेऊन खाली गेला. लेक आता नोकरी करते, ती हे विसरलीही असेल. पण त्या सकाळी ती भोकाड पसरून रडली असती, तर माझा राग केव्हाच निवला असता.