लॉसलेस आबा

'लॉसलेस म्हणजे ज्यात काहीही हरवत नाही,' हे मी बायकोला, सुनंदाला, नीट समजावून सांगितलं आणि त्याच आठवड्यात माझे सासरे हरवले.

(सासरे, म्हणजे आबा, गेल्या वर्षीच वारले होते. हरवला तो त्यांचा आवाज.) त्यांच्या भजनांची एकच सीडी होती, मीच रेकॉर्ड केलेली. ती कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं. साधी एमपी-थ्री चहा उकळेपर्यंत झाली असती. पण मी पडलो शुद्धतावादी! माझं सॉफ्टवेअर प्रत्येक जागा पुन्हा वाचतं आणि उत्तर तेच आलं तरच पुढे सरकतं. अखेर पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : एकही चूक नाही. एवढं प्रमाणपत्र मिळाल्यावर ऐकून कशाला बघायचं?

मग मित्राकडून कॉपी करून घेतलेल्या 'घरबसल्या इंग्रजी'च्या सीड्या मी नागनाथला, माझ्या मेहुण्याला, देऊन टाकल्या. वळसंगला त्याची ज्वारी हुरड्यात आली होती. चकाकत्या सीड्या टांगल्या की पाखरं भितात.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सुनंदा म्हणाली, "उद्या सगळ्यांना ऐकवायचंय. एकदा लावा की."

मी ऐटीत लावलं.

"गुड मॉर्निंग! हाऊ आर यू?" एका बाईंनी विचारलं.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. "हे आबा?"

बाईंनी पुन्हा विचारलं, हाऊ आर यू? मी अजिबात बरा नव्हतो. सीडीवर लिहिलं की ती खराब होते, म्हणून मी नावं फक्त डब्यांवर लिहितो. आबांच्या डबीत इंग्रजी होतं. म्हणजे इंग्रजीच्या डबीत आबा. म्हणजे आबा...

"वळसंगला," मी पुटपुटलो.

"शेतात?"

"उन्हात."

ती ओरडली असती तर मी निम्मा सावरलो असतो. ती फक्त पदर खोचून गाडीवर मागे बसली. आम्ही अक्कलकोट रस्त्याला लागलो.

शेत लखलखत होतं.

"दाजी, तुमचं इंग्लिश लई भारी हाय की!" नागनाथ खूश होता. "एक पाखरू उतरंना."

"नागनाथ, यातली एक सीडी म्हणजे आबा आहेत."

त्यानं टोपी काढली. "कंची?"

"तेच कळत नाही."

"आवो, उद्या पानाला कावळा शिवाया पायजे, आन् तुमी आबालाच पाखरं हाकलाया उभं केलंय व्हय?"

आम्ही सगळ्या सीड्या उतरवल्या. चूक नको म्हणून नागनाथ प्रत्येकीला हात जोडत होता.

घरी एकेक लावली. गुड मॉर्निंग. गुड मॉर्निंग. सुनंदा खुर्चीमागे उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. सीड्या संपत आल्या आणि टाळ वाजले! चरा पडलेला होता. सॉफ्टवेअर एकाच जागी अडून बसलं, कण्हलं, घुमलं आणि एकदाचं पार झालं. हिरवी अक्षरं आली.

या वेळी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. टाळ थांबले. आबा खोकले. मग त्यांचा खणखणीत आवाज आला : "मशीन जावईबापूंच्या हातात कुणी दिलं रं? त्येंना काय कळतंय त्यातलं!"

सुनंदा हसत हसत डोळे पुसू लागली.

"एवढं शेवटचं काढून टाकू?" मी विचारलं.

"लॉसलेस आहे ना? मग राहू द्या."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भजनं एकदाच ऐकली. ते वाक्य मात्र पुन्हा पुन्हा लावायला लावलं. दर वेळी उत्तर तेच आलं. म्हणजे, माझ्याच नियमानं, ते अचूक होतं.